उलटी बाजू

शोरूममधल्या काचेच्या फळीवरून आमच्या दौऱ्यातल्या, स्वतः बॅगा शिवणाऱ्या मावशींनी एक बॅग उचलली, चेन उघडली आणि पायमोजा उलटा करावा तशी ती सरळ आतून बाहेर काढली. यजमान कंपनीचा माणूस बोलता बोलता थांबला. मीही थांबले, कारण त्याच्याच वाक्याचा अनुवाद माझ्या तोंडात अर्धा होता. वाक्य त्यांच्या ब्रँडच्या ‘कहाणी’बद्दल होतं. मावशींना कहाणीत रस नव्हता. त्यांनी आतल्या शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, पट्टी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ती जागा शोधली, धाग्याचं टोक किंचित ओढून पाहिलं आणि मला म्हणाल्या, “ताई, विचारा ना यांना, ही पट्टी आधी लावतात का बाजू जोडल्यावर?”

त्याला माहीत नव्हतं. तो मार्केटिंगचा होता. “फार छान प्रश्न आहे,” असं म्हणत त्याने आम्हाला पुढच्या दालनात नेलं. ‘छान प्रश्न आहे’ याचा खरा अनुवाद ‘मला ठाऊक नाही’ असा असतो, हे दुभाष्याला पहिल्या वर्षीच कळतं.

दुभाष्याचं काम करत अशा अभ्यासदौऱ्यांबरोबर मी बरीच वर्षं हिंडले आहे. कुठल्या कुठल्या देशांतून दहा-बारा छोट्या उद्योजकांचा गट निवडायचा, त्यांना दोन-तीन आठवडे दुसऱ्या देशात न्यायचं, तिथले धंदे दाखवायचे आणि परत पाठवायचं. निवड मुद्दाम अशा समाजांतून करायची, जिथे घरात कुणी पिढ्यान्‌पिढ्या गल्ल्यावर बसलेलं नाही. तारण ठेवायला जमीन नाही, जामीन राहील असा काका नाही, आणि आडनाव किंवा वस्तीचं नाव सांगितल्यावर बँकेतल्या माणसाचा चेहरा बदलतो. कागदावर ही कल्पना इतकी निर्दोष दिसते की तिच्याविरुद्ध बोलताना अपराधी वाटतं. मला हे दौरे आवडतात. त्यांचा रागही येतो. बहुधा एकाच दिवशी दोन्ही होतं.

दौरा सुरू होतो तो व्हिसाच्या खिडकीशी, आणि पुष्कळांचा तिथेच संपतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) नावाचं एक कलम आहे. पाहुणा म्हणून येऊ पाहणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं त्यात आधीच गृहीत धरलं जातं, आणि तसं नसल्याचं पटवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. पटवायचं कशाने? पगाराच्या पावत्या, घराची कागदपत्रं, बँकेतली शिल्लक, मागचे परदेश प्रवास. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतं ते देश) जायचं तर बाकीच्या कागदांबरोबर किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमाही लागतो. म्हणजे जवळ काही नाही म्हणून ज्याला निवडलं, त्यानेच खिडकीशी उभं राहून आपल्याकडे पुष्कळ आहे हे सिद्ध करायचं! मग या चाळणीतून खाली पडतात ते संस्थेचे सचिव, प्रकल्पाचे समन्वयक, इंग्रजी येणारा पुतण्या. माणसं वाईट नसतात. पण हातात कात्री धरणारं त्यांत क्वचितच कुणी असतं. मावशी आल्या त्या दौऱ्यात बाराजणांत तशा चौघीजणी होत्या, आणि आमच्या आयोजकांच्या मते ही ‘उत्तम संख्या’ होती.

अमेरिकी सरकारचा एक जुना पाहुणे-कार्यक्रम आहे, १९४० सालापासून चालत आलेला. त्याला अर्जच करता येत नाही. त्या त्या देशातला अमेरिकी दूतावास नावं सुचवतो. भेट साधारण तीन आठवड्यांची असते, आणि गावोगावचे स्वयंसेवक पाहुण्यांना आपल्या घरी जेवायलाही बोलावतात. व्यवस्था मनापासून चालवलेली आहे यात शंका नाही. पण दूतावासाच्या नजरेत यायला आधी कुणाच्या तरी नजरेत यावं लागतं, आणि गल्लीच्या टोकाला पत्र्याखाली चार मशीनं चालवणारी बाई कुणाच्या नजरेत असते? तिच्याकडे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या. तो काही तिचं नाव सुचवणार नाही.

दुसऱ्याचा कारखाना बघून शिकण्याची रीत जुनी आहे, आणि ती काही गरिबांसाठी निघालेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची उत्पादकता अमेरिकेच्या तुलनेत का मागे पडली हे समजून घेण्यासाठी १९४८ मध्ये दोन्ही देशांची एक संयुक्त परिषद स्थापन झाली. मार्शल योजनेच्या, म्हणजे युद्धानंतर युरोपला मिळालेल्या अमेरिकी मदतीच्या काळात तिच्या मार्फत ६६ पथकं अमेरिकेला जाऊन आली. या पथकांत व्यवस्थापक आणि तंत्रज्ञ यांच्यासोबत प्रत्यक्ष मशीनवर काम करणारे कामगारही होते, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. एकाच मशीनसमोर उभं राहून मालक वेग बघतो आणि कामगार हात कुठे अडकेल ते बघतो.

आणि मग ताइची ओनो. टोयोटाची उत्पादनपद्धती घडवणारा हा माणूस १९५६ मध्ये अमेरिकेत गेला, जनरल मोटर्स आणि फोर्डचे कारखाने त्याने पाहिले. पण त्याच्या मनावर सर्वांत जास्त ठसलं ते सुपरमार्केट. गिऱ्हाईक हवं तेवढं उचलतं आणि जेवढं उचललं तेवढंच मागून भरलं जातं. ही गोष्ट सगळे इथवरच सांगतात. पुढचा भाग मला जास्त आवडतो. ओनो चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासूनच आपल्या मशीन शॉपमध्ये अमेरिकी सुपरमार्केटची पद्धत वापरून बघत होता. तो तिथे चकित व्हायला गेला नव्हता. त्याच्या डोक्यात प्रश्न वर्षानुवर्षं घोळत होता, आणि कारखाना बघायला नेलं तरी त्याची नजर दुकानावर गेली.

मावशींनी बॅग उलटी केली तेव्हा मला ओनो आठवला. (तेव्हा लगेच नाही. खरं सांगायचं तर तेव्हा घाम फुटला होता, काचेच्या फळीवरच्या वस्तूला हात लावू नये अशी पाटी होती.)

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र कुणाच्याही प्रश्नाला जागा नव्हती. सकाळी स्वागत, मग सादरीकरण, मग कारखान्याची फेरी, मग पुन्हा सादरीकरण. फेरी पिवळ्या पट्ट्यांच्या आतून. कटिंगच्या टेबलाखाली कातरण पडलेलं असायचं, ते आम्ही यायच्या आधी झाडून नेलेलं असे. मावशी दर ठिकाणी वाकून टेबलाखाली बघायच्या आणि सरळ होऊन निराश चेहरा करायच्या. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाल्या, “कापड किती वाया जातं ते कातरणावरून कळतं, ताई. यांच्याकडे तर वायाच जात नाही असं दिसतंय.”

अनुवाद करताना शब्द सापडत नाहीत असं लोकांना वाटतं. शब्द सापडतात, माणसं बदलतात. एका शहरात एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या धंद्यांना आधार देणाऱ्या केंद्रात, एक तरतरीत तरुण सल्लागार व्यासपीठावर येरझारा घालत सांगत होता की लवकर अपयशी व्हा, वारंवार अपयशी व्हा, अपयशाचा उत्सव करा. मी शब्दाला शब्द बरोबर सांगितलं. खोली गप्प झाली. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर न करताच विचारलं, “कुणाच्या पैशाने?” मी ते इंग्रजीत सांगितल्यावर तो तरुण मनमोकळा हसला. त्याला तो विनोद वाटला. त्या गृहस्थांचं लेथ मशीन बायकोच्या भावाच्या जामिनावर होतं. त्यांचा धंदा बुडाला असता तर दोन घरं बोलायची बंद झाली असती, आणि मुलीच्या लग्नाच्या बैठकीत तो विषय निघाला असता.

‘रिस्क’ या शब्दाचंही तसंच. त्या खोलीत तो शब्द ‘घेतात’ या क्रियापदाबरोबर यायचा, माणूस रिस्क घेतो. माझ्या गटातल्या लोकांच्या बोलण्यात जोखीम अंगावर यायची. पाऊस येतो तशी, पाहुणे येतात तशी, विचारल्याशिवाय. घेणाऱ्याला नको म्हणता येतं. मी दोन्हीकडे ‘जोखीम’ असाच अनुवाद करत राहिले, त्यावाचून माझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांकडे बघून माना डोलावत राहिले. अहवालात त्या सत्राला ‘अत्यंत फलदायी’ म्हटलं आहे. तो अहवाल मीच टाइप केला.

माझ्या पोटावर पाय देणारी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. राजस्थानातल्या तिलोनिया गावात बेअरफूट कॉलेज आहे, १९७२ मध्ये सुरू झालेलं. तिथे आफ्रिकेतल्या आणि इतर खंडांतल्या खेड्यांतून स्त्रिया सहा महिने राहायला येतात आणि सौरदिव्यांची यंत्रणा बसवायला, दुरुस्त करायला शिकतात. बहुतेक मध्यमवयीन, कित्येक आज्या. अनेकींना लिहिता-वाचता येत नाही. शिकवणाऱ्या बायकाही फारशा शिकलेल्या नाहीत, आणि दोघींची भाषा एक नाही. शिकवणं चालतं ते हातवाऱ्यांनी, रंगांच्या खुणांनी आणि पुन्हा पुन्हा तीच जोडणी करून. सर्किटवरचा भाग दाखवायचा, त्याचा रंग दाखवायचा, डाग द्यायचा, चुकला की काढायचा. दुभाषा नाही! प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च भारत सरकारने आपल्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमातून उचलला, जो १९६४ पासून चालू आहे. आज्याच का, यावर संस्थापक बंकर रॉय यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलंय की पुरुषाला प्रमाणपत्र मिळालं की तो शहराची वाट धरतो, आजी गावातच राहते.

या पद्धतीला हसणारेही मी पाहिलेत. आजीबाई सर्किट जोडते हा फोटो फार गोड येतो, आणि गोड फोटोंबद्दल सावध राहावं हे मलाही मान्य आहे. पण फोटोत न दिसणारा भाग बघा. बाई निघण्याआधी गावाला ठरवावं लागतं की रॉकेल, मेणबत्त्या, बॅटऱ्या यांवर जो खर्च होतो त्याच्या आसपासची रक्कम घरटी दरमहा द्यायची, आणि त्यातून परत आलेल्या बाईला मेहनताना द्यायचा. म्हणजे ती शिकायला गेली तेव्हाच तिचं गिऱ्हाईक पक्कं झालेलं असतं. माझ्या एकाही दौऱ्यात परतल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा हिशोब कुणी आधी मांडलेला मी पाहिला नाही. आणि सहा महिने! आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात निरोपसमारंभ असायचा. युरोपीय संघाचा तरुण उद्योजकांसाठीचा एक कार्यक्रम २००९ पासून आहे, त्यात नवा उद्योजक दुसऱ्या देशातल्या मुरलेल्या उद्योजकाकडे एक ते सहा महिने राहून काम करतो. तिथेही तोच हिशोब आहे. मालक चिडलेला, कंटाळलेला, वसुलीच्या फोनवर गयावया करताना दिसला पाहिजे, आणि त्यासाठी पाहुणेपण संपण्याएवढा काळ जावा लागतो.

नुसती बाहेरची बाजू बघून शिवलं की काय होतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलंच आहे. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेची पाच-पाच जणींच्या गटांना विनातारण कर्ज देण्याची रीत तिथे नेऊन १९८८ मध्ये आर्कान्सा राज्यात पाइन ब्लफ या भागात एक निधी सुरू झाला. गरीब प्रांतातलं ज्ञान श्रीमंत देशाने घेतलं म्हणून सगळ्यांना त्याचं अप्रूप. पण गट जमेनात. बांगलादेशातल्या खेड्यात पाचजणी एकमेकींना ओळखतात, उद्या विकून परवा हप्ता भरता येईल असे बारीकसारीक धंदे आजूबाजूला आधीच चाललेले असतात. इथे माणसं विखुरलेली, पिढ्यान्‌पिढ्या मजुरीवर किंवा नोकरीवर जगलेली, गटातल्या दुसऱ्या बाईचं नावही नीट ठाऊक नसलेली. त्यात सरकारी मदतीचा नियम असा होता की मदत घेणाऱ्या कुटुंबाकडे घर, तसंच गाडीच्या किमतीतला काही भाग, सोडून १,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असता कामा नये. दुकानात माल भरला की मदत तुटणार. कोण बाई असा धंदा काढील? काही वर्षांत त्या लोकांनी गटकर्ज बाजूला ठेवलं आणि प्रशिक्षणाकडे वळले, हा मला त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो. तीच पद्धत २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये गेली आणि तिथे धरली. तिथे कर्ज घेणाऱ्यांत स्थलांतरित बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि छोटं काहीतरी विकून जगण्याची सवय त्या सोबत घेऊनच आल्या होत्या.

अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियात तर हेच उलट्या क्रमाने झालं. लिऑन सुलिव्हन या कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी १९६२ मध्ये आपल्या चर्चच्या सभासदांना दरमहा १० डॉलर, ३६ महिने, असे पैसे टाकायला सांगितले. पहिल्या १६ महिन्यांचे पैसे धर्मादाय कामासाठी, उरलेल्या २० महिन्यांचे नफ्याच्या धंद्यासाठी. १९६४ मध्ये त्यांनी शहरातल्या एका जुन्या, पडीक पोलीस ठाण्यात प्रशिक्षण केंद्र उघडलं. १९६८ मध्ये त्या लोकांच्याच मालकीचं प्रोग्रेस प्लाझा हे बाजारसंकुल उभं राहिलं. पुढे ते प्रशिक्षणाचं काम आफ्रिकेतही गेलं. दौऱ्यावर नेलेल्या माणसाला संकुल दिसतं, भव्य, झेंडे वगैरे. मी आयोजक असते तर दर महिन्याच्या त्या १० डॉलरची वही कुठे ठेवलीय ते आधी विचारलं असतं, आणि कुणी चौथ्या महिन्यातच देणं बंद केलं तेव्हा काय केलं तेही.

मावशींच्या दौऱ्यात एक संध्याकाळ शहर बघण्यासाठी मोकळी होती. सकाळच्या मार्केटिंगवाल्याने (तो तसा भला माणूस होता, प्रश्न त्याला लागला असावा) दुपारभर फोन करून त्या बॅगा प्रत्यक्षात कोण शिवतं ते शोधून काढलं. शिवणारी कंपनी नव्हतीच. गावाबाहेर एका गाळ्यात दुसऱ्या एका देशातून येऊन स्थिरावलेली बाई नऊ मशीनं चालवत होती. बाकीचा गट नदीकाठी फोटो काढायला गेला आणि आम्ही दोघी तिकडे.

तिथे टेबलाखाली कातरण होतं. मावशींचा चेहरा फुलला.

पहिली दहा मिनिटं मी अनुवाद केला. नंतर गरज उरली नाही. पट्टी बाजू जोडल्यावर लागत होती, मशीनला एक फोल्डर बसवून, त्यातून पट्टी आपोआप दुमडून सुईखाली यायची. मावशींनी फोल्डर काढून हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, बोटांनी मापं घेतली. मग वही निघाली. दुभाष्याची खरी गरज तेव्हा पुन्हा पडली, कारण विषय उधारीचा होता. युरोपीय संघाने २०११ मध्ये ठरवलं की धंद्या-धंद्यांतलं देणं साधारण ६० दिवसांत चुकतं व्हावं. ती बाई वहीतली पानं उलटत तारखा दाखवत होती, नव्वद दिवस, शंभर दिवस. मावशींनी कपाळावर हात मारला. “इथं पण?” म्हणाल्या. आणि मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मावशींना विचारलं की तुम्ही काय करता? मावशींनी सांगितलं. त्या मोठ्या गिऱ्हाइकाला माल एकदम देत नाहीत, तीन हप्त्यांत देतात, आणि दुसऱ्या हप्त्याचे पैसे आल्याशिवाय तिसऱ्याच्या चेन लावत नाहीत. बिनचेनची बॅग त्याला दुसरीकडे विकता येत नाही. ती बाई खुर्चीतून उठून उभी राहिली आणि हे तिने लिहून घेतलं.

आपल्याकडे याला देवाणघेवाण म्हणतात, पण कार्यक्रमपत्रिकेत देवाण नेहमी एकीकडून आणि घेवाण दुसरीकडून असते. उलट दिशेने झालेलं एक उदाहरण मला माहीत आहे. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले आणि इतर काही अर्थतज्ज्ञ अहमदाबादेत आले आणि ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या सभासदांच्या घरी राहिले. भरतकाम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांकडे. मग संघटनेच्या लोकांबरोबर बसून त्यांनी किमान वेतनावर वाद घातला, पुस्तकातलं वेतन आणि त्या घरातलं वेतन यांची गाठ घालायचा प्रयत्न केला. त्या वादात सगळ्यांचं एकमत झालं नाही. मला त्यातलं तेच आवडलं.

मागच्या वर्षी आयोजकांचा मला फोन आला. आता परदेशी उद्योजकांचा एक गट इकडे आणायचा आहे, मावशींचा कारखाना दाखवता येईल का? मावशींकडे आता अकरा मशीनं आहेत, त्यातल्या तीनांवर फोल्डर. मी फोन लावला. त्यांना आनंद झाला. चहापाण्याचं बघते म्हणाल्या, बसायला खुर्च्या आणते म्हणाल्या. मग विचारलं, “किती दिवस राहतील?”

“दीड दिवस, मावशी. त्यात अर्धा दिवस उद्घाटनाचा.”

पलीकडे बराच वेळ नुसतं मशीन ऐकू येत होतं.

“मग पट्टी आधी का नंतर, ते कधी बघणार?”

मी म्हटलं, मी आयोजकांशी बोलते. बोलून बघते. तेवढ्यात मागचं मशीन थांबलं आणि त्या फोन बाजूला न करताच कुणाला तरी म्हणाल्या, “अगं, तो बिघडलेला माल नको नेऊ बाहेर. राहू दे इथंच दारात. पाव्हणे यायचेत.”